बाराची गाडी

कंडक्टरभाऊंना कुणी जन्मवेळ सांगितली की कागदावर काही लिहिण्याआधी ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "घड्याळीची वेळ का गाडीची?"

त्यात थट्टा नव्हती. आमच्या आष्टी-अहेरी रस्त्यावरच्या गावांत तेव्हा घरोघरी घड्याळं कुठली? पोर जन्मलं की दाई म्हणायची, "बाराची गाडी आली तव्हा झालं," आणि तीच वेळ पत्रिकेत जायची. आता बाराची गाडी दीडला आली तरी तिचं नाव बाराचीच! कंडक्टरभाऊंनी आयुष्यभर चंद्रपूर-सिरोंचा बसवर तिकिटं फाडली आणि मुक्कामाच्या गावी पंचांग वाचत ज्योतिष शिकले. त्यामुळे कोणती गाडी कधी लेट झाली, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रिटायर झाल्यावर त्यांनी निम्म्या तालुक्याच्या पत्रिका दुरुस्त केल्या.

गुण जुळले की ते हवेतली दोरी दोनदा ओढत. "टिंग टिंग. डबल बेल. जाऊ द्या गाडी." जुळले नाहीत तर तेही तोंडावर सांगत. एका सधन बापाने जावयाचे गुण वाढवून द्या म्हणून धानाचं पोतं आणलं होतं. भाऊंनी ते त्याच्याच डोक्यावर परत दिलं. खोटं तिकीट त्यांनी कधी फाडलं नाही, असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते खरंच वाटायचं.

तरी लोकांच्या भीतीला ते हसत नसत. मी नर्स. शिकलेली. मला या सगळ्याचा भारी राग यायचा. एकदा मी म्हटलं, "भाऊ, लोकांना भेव दाखवून काय मिळते तुमाले?"

"मी दाखवत नाई, पोरी. ते घरूनच घेऊन येतात. ज्याच्यावर जीव नाई, त्याची पत्रिका कोणी आणते काय? माय आणते, बाप आणते. भेव म्हणजे जीव लावल्याची पावती."

पुढे ती पावती माझ्याच नावाने फाटली. मला दिनेशशी लग्न करायचं होतं. दिनेश वनरक्षक. पायी गस्त, वाघाचं जंगल, आणि घरी विधवा आई. माझ्या बाबांनी चंद्रपूरच्या जोशीबुवांकडून काढून घेतलेल्या पत्रिकेत वेळ लिहिली होती दुपारी बारा, आणि मंगळ चौथ्या घरात. त्या माउलीने कपाळाला हात लावला. "नवरा गेला माझा. आता पोरगा जंगलात, अन् घरात मंगळाची सून? नाई बाप्पा!" दिनेश म्हणाला, आईला रडवून लग्न करणार नाही. मी म्हटलं, मीही करणार नाही, पण दुसरीकडे कुठेही करणार नाही.

मी मोबाइलवर पत्रिका काढून बघितली. जन्मवेळ दीड-दोन तास पुढे ढकलली की मंगळ चौथ्यातून तिसऱ्यात. दोष संपला! आणि मी जन्मले त्या दिवशी बाराच्या गाडीवर कंडक्टर कोण होतं? भाऊच. बाबांनी आनंदाने गाडी थांबवून सगळ्या पॅसेंजरांना गूळ वाटला होता, ही गोष्ट मी शंभरदा ऐकलेली. मी धावतच त्यांच्याकडे गेले.

"भाऊ, त्या दिवशी गाडी लेट होती, एवढंच सांगा ना. तुमचा शब्द कोणी मोडणार नाई."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "टायमावर होती."

मी रडले. चिडले. नाही नाही ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "आज मंगळ पुसून देईन. उद्या पोट्ट्याले साधा ताप आला, का तुही सासू म्हणन, गाडी खरंच लेट होती काय? तिनं तुले मंगळासकट घेतलं पाहिजे. चाल, चप्पल घाल."

दिनेशची आई अंगणात मोहफुलं वाळवत होती. भाऊ खाली बसले. "बाई, मंगळ आहे. चौथ्यात आहे. मी खोटं सांगणार नाई. माझ्या शांताचा तं आठव्यात होता. मी मरीन म्हणून साऱ्यायनं सांगितलं. म्या बी मानलं. तिले सही शिकवली, बँक शिकवली, सायकल शिकवली. म्हटलं, मी गेलो तं अडू नये. बत्तीस वर्षं मी माझ्या मरणाची तयारी केली." त्यांनी एक मोहफूल उचलून परत ठेवलं. "अन् गेली ते. तिच्यामागं जगायची तयारी म्या केलीच नव्हती. इतकं पंचांग वाचून हे एक पान मले दिसलं नाई."

म्हातारी फुलांवरून हात फिरवत राहिली. मग मान वर करून तिने मलाच विचारलं, "तुले भेव नाई लागत?"

"लागते ना," मी म्हटलं. "तुमाले लागते तेवढंच. दोघी मिळून भेवू."

ती हसली की रडली, मला आजही सांगता येणार नाही. पदराने तोंड पुसत उठली आणि म्हणाली, "चाय मांडतो." भाऊंनी हवेतली दोरी दोनदा ओढली.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिनेशला मेंदूत चढलेला मलेरिया झाला. चार दिवस तो शुद्धीवर नव्हता. मी वाट बघत होते की आता सासूबाई तो शब्द काढतील. त्यांनी काढला नाही. डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. "जेव आधी. तू पडली तं त्याले कोण पाह्यन?" पाचव्या दिवशी त्याने डोळे उघडले.

गेल्या वर्षी कंडक्टरभाऊ गेले. तेरवीला त्यांच्या गाडीचे जुने ड्रायव्हर रहीमभाई आले होते. मी बाबांचं नाव सांगताच म्हणाले, "अरे, तू ते गुळाची पोट्टी काय! याद आहे ना मले. रस्त्यात झाड आडवं पडलं होतं, दो घंटे लेट होतो आम्ही. भर आभाळ, सूर्य कुठी ते दिसत नव्हता, पब्लिक कंडक्टरले शिव्या देऊन राह्यली होती. तुझ्या बापानं गूळ वाटला तव्हा कुठी लोकं थंडे झाले."

दोन तास. म्हणजे मला मंगळ कधी नव्हताच, आणि भाऊंना ते माहीत होतं. जन्मभर खोटं तिकीट न फाडणाऱ्या माणसाने एकच फाडलं, आणि तेही मी मागत होते त्याच्या नेमकं उलटं.

घरी येताना सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणत होता व तो डायवर?"

मी त्यांचा हात धरून त्यांना नालीवरून पलीकडे घेतलं. "काई नाई, आई. मी जन्मली तव्हा गाडी टायमावर होती म्हणत होता."