धुतलेली कुपी

एक कुपी रिकामी समजून मी साबणाने धुतली आणि उपडी घातली. सासूबाईंनी पाठ थोपटली असती. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नवी लागले होते, अंगात शहाणपण मावत नव्हतं. कुपीच्या तळाशी थेंबभर एन्झाइम होतं, उंदरांच्या जनुकांचा धागा नेमक्या जागी कापणारं. परदेशातून ते यायला वर्ष लागलं होतं.

ते वर्ष मोजलं होतं प्रयोगशाळेतल्या आमच्या वरिष्ठांनी, दादांनी. उंच, जरासे वाकलेले, दर वाक्याला "बुझलेन?", म्हणजे कळलं का, असं विचारायचे आणि उत्तराची वाट पाहायचे नाहीत. वीज गेली की सियालदहच्या मासळीबाजारातून पिशवीभर बर्फ आणायचे, मग आमच्या फ्रिजला दिवसभर हिलशाचा वास. उंदीर मारण्याआधी त्याच्या पाठीवरून बोट फिरवत काहीतरी पुटपुटायचे. मला वाटे, मंत्र असेल. ती माफी होती.

एन्झाइम आलं म्हणून त्या सकाळी त्यांनी अर्धे पिंजरे रिकामे केले होते. आता त्या मरणाचा उपयोग उरला नव्हता.

मी रडत सगळं सांगितलं. दादांनी लखलखीत कुपी उजेडाकडे धरली. मग बर्फाच्या पिशवीची घडी करून खिशात घातली, उरलेल्या पिंजऱ्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले,

"दीदी, जो चूहा लोग बाकी है ना, उनको मत बोलना."