काटा नव्वदवर

बुरमाकानचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. जून ते सप्टेंबर, एकाही दिवसाचा खाडा नाही. चहा, दोन तळलेले बोर्सोक, आणि विजेरी घेऊन अंगणात. तिथे साइडकारची जुनी रशियन मोटरसायकल उभी असायची. बुरमाकान बावन्न वर्षांची, गाडी तिच्याहून चारच वर्षांनी धाकटी. दोघींनाही सकाळी सुरू व्हायला वेळ लागे.

विजेरीचा पहिला झोत ती एकाच जागी टाकायची. इंजिनाच्या डाव्या अंगाला तेल ओतायचं भोक होतं, त्याच्या बुचावर एक गोल तबकडी. तबकडीचा दांडा आत तेलात, काटा बाहेर. तेल किती तापलंय ते काटा सांगायचा. नव्वदपर्यंत निर्धास्त. एकशे दहाला थांबायचं. त्याच्या पुढे तेल पाण्यासारखं पातळ होतं, लोखंड लोखंडाला घासतं आणि इंजिन जागच्या जागी जाम होतं. मग मागचं चाक एकदम अडकतं.

हे तिनं पुस्तकात वाचलेलं नव्हतं. तीन उन्हाळ्यांपूर्वी सारी-बेल खिंडीच्या उतारावर, चौथ्या वळणाला, तिच्या नवऱ्याच्या, शार्शेनच्या हाताखाली हेच झालं होतं. दुधाच्या कॅनांसकट गाडी दरडीखाली गेली. गाडी महिन्याभरात दुरुस्त झाली. शार्शेनचा खुबा झाला नाही. तेव्हापासून तो दारातल्या बाकावर बसतो आणि गाडी ती चालवते. तबकडी त्यानंच बसवली. हमामखान्याच्या मोडीत निघालेल्या बंबाची होती. दांडा त्यानं कानशीनं घासून बेताचा केला, त्यात त्याचे आठ दिवस गेले.

"आता भ्यायचं नाही," तो म्हणाला होता. "काट्यावर डोळा ठेवायचा."

तिनं डोळा ठेवला. भीती काही गेली नाही. खिंडीच्या पलीकडे उन्हाळी कुरणांवर अकरा तंबू होते. अकरा घरांचं दूध गोळा करायचं, प्रत्येक कॅनमध्ये तापमान मोजायची काचेची नळी सोडून दूध किती गार आहे ते पाहायचं, आणि ऊन चढायच्या आत भरल्या कॅनांनिशी खिंड चढून गावातल्या डेअरीत पोचायचं. चढ नऊ किलोमीटरचा, मग उतरायला चौदा वळणं. दुसरं काम मिळत नव्हतं म्हणून ती रोज उतरायची.

ऑगस्टातल्या एका सकाळी मागच्या सीटवर अजर-आपा बसली. कुरणावरच्या एका तंबूतली, बहात्तर वर्षांची, गावातल्या प्रत्येकीला सूनबाई म्हणणारी, दाढ सुजलेली, गावात दाढ काढून घ्यायला निघालेली. गाल टोपीएवढा झाला होता, पण तोंड बंद नव्हतं.

"सूनबाई, तुझ्या गाडीपेक्षा माझी शेळी बरी चढते."

"मग शेळीवर बसायचं होतं, आपा."

"शेळीला दाढवाला ठाऊक नाही ना!"

माथ्यावर बुरमाकाननं नेहमीसारखी गाडी थांबवली, चाकाखाली दगड लावला आणि वाकून पाहिलं. नव्वद.

नऊ किलोमीटरचा चढ, तीन कॅन भरलेले, मागे एक माणूस, ऊन वर आलेलं. आणि नव्वद? नाकाला तर जळक्या तेलाचा वास येत होता.

मग तिला पहाट आठवली. विजेरीच्या झोतात काटा दिसला होता. किक मारायच्या आधी, गार इंजिनावर. तेव्हाही नव्वदच होता, आणि झोपेच्या डोळ्यांना तो बघून बरं वाटलं होतं.

तिनं तबकडीवर टिचकी मारली. काटा हलला नाही. किती दिवसांपासून? आठ? वीस? इतके दिवस ती एका मेलेल्या काट्याच्या भरवशावर चौदा वळणं उतरत होती.

"काय गं, गाडीच्या पाया पडतेस की काय?" अजर-आपा म्हणाली.

"काटा अडकलाय. तेल किती तापलंय कळत नाही."

"हात लाव की. आमचा म्हातारा इंजिनावर तळवा ठेवून सात मोजायचा. सात मोजून झाले की चल."

"आमच्या ह्यांनीही सातच मोजले होते, आपा."

म्हातारीनं गाल धरला.

थांबायचं तर किती थांबायचं, हे कळल्याशिवाय बुरमाकानला हलवेना. तिनं बूच काढलं. दुधाची काचेची नळी दोऱ्याला बांधली आणि भोकातून तेलात सोडली. आतला तांबडा रंग भराभर चढला. साठ, ऐंशी, शंभर. पुढे नळीवर आकडेच नव्हते. दुधासाठी बनवलेल्या नळीला शंभराच्या पुढचं काय ठाऊक असणार?

टक्.

आवाज चिमणीनं दाणा फोडावा एवढाच. तिनं दोरा ओढला. सत्तरच्या वरची नळी बाहेर आली. खालची इंजिनात राहिली.

तेल कितीही तापलं तरी तासाभरात निवतं. काच निवत नाही. एक कण बेअरिंगमध्ये शिरला की इंजिन जाम. आणि समोर उतार.

"चल आता," आपा म्हणाली. "दूध तापतंय."

"तापू दे."

"अकरा घरांचं आहे, सूनबाई!"

"त्यात एक घर तुमचं आहे ना? मग दुधाबरोबर दरडीखाली जायचंय का तुम्हाला? खाली उतरा आणि हे फडकं धरा."

तेल निवायची वाट पाहिली. मग ती गाडीखाली पाठीवर निजली. इंजिनाच्या तळाला चौदा बोल्ट होते. शार्शेनला ते काढताना तिनं पाहिलं होतं, स्वतः कधी काढले नव्हते. चौथा बोल्ट गंजलेला होता, त्याला तिनं दोन्ही हातांनी पाना लावला. तेल बाहीतून काखेपर्यंत आलं. सगळं तेल बादलीत उतरवलं आणि दूध गाळायच्या फडक्यातून गाळलं. काच वर राहिली.

तिनं डोक्याचा रुमाल सोडला, जमिनीवर पसरला आणि तुकडे मांडत गेली. आकड्यांमुळे जोडणं सोपं होतं. खालचा फुगा, शून्य ते तीस. मग पन्नास ते सत्तर. मधले तीस ते पन्नास नव्हते.

"एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?" आपा म्हणाली. आवाजात आता चेष्टा नव्हती.

"एवढ्याशानंच होतं."

तेच तेल तिनं वरून इंजिनात ओतलं, खालून फडक्यावर घेतलं. काही नाही. परत ओतलं. फडक्याला काळं लागलं, काच नाही. तळाचा पत्रा बोटांनी चाचपला. मग हात वर घालून पंपाच्या जाळीपर्यंत बोटं नेली. तिथे जागा दोन बोटांची. मनगट खरवडलं. आत काही दिसत नव्हतं, बोटानंच बघायचं. जाळीच्या मागे काहीतरी टोचलं आणि तेलात रक्ताचे गरम थेंब मिसळले. तिला आधी आनंद झाला, मग दुखलं.

तुकडा रुमालावर ठेवला. एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला पन्नास. कडा जुळल्या. तरी तिनं पुन्हा एकदा तेल गाळलं. मग चौदाही बोल्ट परत लावले, आडवे समोरासमोर, थोडे थोडे आवळत, जसे आवळायचे तसेच, आणि तेल भरून बूच लावलं. घाई केली असती तर अर्धा तास वाचला असता. तिनं केली नाही.

"आपा, तुम्ही पायवाटेनं उतरा."

"का? मी जड झाले का?"

"मी एकटीच बसणार. काचेचा भुगा राहिला असेल तर मला सांगता येत नाही."

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "मग दोघी चालू."

"गाडी इथे सोडून उद्या काय करू?"

बुरमाकान पहिल्या वेगात निघाली. डावी चारही बोटं क्लचच्या दांडीवर. इंजिन अडलं की त्याच क्षणी दांडी ओढायची, म्हणजे चाक सुटतं. निमिषभर उशीर झाला तर चौथं वळण. कान इंजिनाला लावलेले, दात एवढे आवळलेले की दाढ तिचीच सुजायची. प्रत्येक खडखड तिला काचेची वाटत होती. पायवाट वळणं कापत सरळ उतरते, त्यामुळे दुसऱ्या वळणाला अजर-आपा तिच्या आधी हजर. तिसऱ्यालाही.

"शेळी म्हटलं होतं ना मी!" ती तिथून ओरडली.

चौथ्या वळणाला मात्र ती रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिली, दोन्ही हात छातीशी धरून, गाडी पुढे जाईपर्यंत. चौदाव्याला मागे चढून बसली.

डेअरीत पोचेपर्यंत दुपारचे बारा वाजले. तीनपैकी दोन कॅन आंबले म्हणून परत आले. "त्याचं कुरुत करू, गोळे वाळवले की टिकतात, घरोघर मी सांगते," आपा म्हणाली आणि दाढवाल्याकडे गेली.

घरी शार्शेननं सगळं ऐकून घेतलं. तबकडी मागितली. दांडा गरम चहात बुडवला. नव्वद. गार पाण्यात बुडवला. नव्वद. त्यानं ती बाकावर पालथी ठेवली.

"मीच म्हणालो होतो, भ्यायचं नाही म्हणून," तो म्हणाला.

"अहो, भ्याले म्हणून तर वास आला."

"नवा काटा आणू. पण काटा तेल गार करत नाही. दोन लिटर तेलाला हा चढ झेपत नाहीये. तळच खोल हवा."

सप्टेंबर संपेपर्यंत ती चढावर तीनदा थांबायची, माथ्यावर पाऊण तास. पहाटे तीनला उठायची. मागच्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही, आपालाही नाही. शेवटचा तंबू उतरला तेव्हा तिचा डावा हात कोपरापर्यंत दुखत होता.

ऑक्टोबरात ती चार महिन्यांची मजुरी घेऊन बालिक्ची शहरात गेली. तिथल्या एका ओताऱ्यानं तिच्यासाठी ॲल्युमिनियमचा नवा तळ ओतला. चार बोटं जास्त खोल, वाऱ्यानं निवावा म्हणून बाहेरून पट्ट्या काढलेला, साडेतीन लिटर तेल मावणारा. जवळजवळ सगळे पैसे त्यातच गेले.