सुनेचा काढा, सासूचा खोकला

वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी मूल होण्याचं औषध घेतलं. तेही नियमित, पथ्यासकट आणि अगदी मनापासून!

ही २०१४ ची गोष्ट. मुलगा निनाद आणि सून केतकी सिंगापूरला बुकित पंजांगमध्ये राहत होते आणि मी त्यांच्याकडे दोन महिने राहायला गेले होते. (आमचे हे पुण्यातच थांबले. विमानाचा त्रास होतो म्हणे. त्रास नक्की कशाचा होतो ते मला ठाऊक आहे, पण ते असो.) निघताना सोसायटीतल्या बायकांनी माझ्यावर एक कामगिरी सोपवली होती. "लग्नाला सहा वर्षं झाली की हो, आता स्पष्ट विचारूनच या!" मी ठणकावून सांगितलं, मी विचारणार नाही! मी तसली सासू नाही. गोड बातमीबद्दल मी केतकीजवळ कधी चकार शब्द काढला नव्हता. याचा मला भारी अभिमान होता आणि तो मी भेटेल त्याला ऐकवत असे.

सिंगापूरला उतरल्या उतरल्या मला खोकल्याने धरलं. तिथे बाहेर घामाच्या धारा आणि आत, म्हणजे घरात, दुकानात, बसमध्ये, सगळीकडे एसीची हुडहुडी. पहिल्याच रात्री खोकून खोकून मी अख्खं घर जागं ठेवलं. सकाळी उठून पाहते तर केतकी ओट्यापाशी उभी आणि मातीच्या भांड्यात काहीतरी काळंकुट्ट रटरटतंय! तिचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे ही मुलगी कायम धावतच असायची. चपला पायात सरकवता सरकवता ती म्हणाली, "आई, वाडग्यात काढा झाकून ठेवलाय हं! येते मी!"

मी झाकण काढून वास घेतला. ज्येष्ठमध! दालचिनी! सुंठ! सोबत कसलीशी मुळं आणि लाल लाल खारका होत्या, त्यांच्याशी माझी ओळख नव्हती. पण माझा ऊर भरून आला. सासू रात्री खोकते काय आणि ऑफिसला जाणारी सून पहाटे उठून काढा करते काय! मी तडक पुण्याला फोन लावला.

"ऐकलंत का? सून असावी तर अशी!"

"कुठली सून?" आमचे हे. झोपेत होते.

काढा कडूजहर होता. नाक दाबून मी तो संपवला. आता प्रश्न उरला चोथ्याचा. एवढी महागामोलाची मुळं एकदाच उकळून फेकून द्यायची? आमच्या घरात चहाची पावडरसुद्धा दुसरं पाणी घेतल्याशिवाय गुलाबाच्या कुंडीत जात नाही! मी त्यात पुन्हा पाणी घातलं, दारातल्या तुळशीची पानं टाकली, गुळाचा खडा टाकला, चांगलं उकळलं आणि वाडगं पहिल्यासारखं भरून झाकून ठेवलं. दमून येते बिचारी, तिच्याही पोटात जाऊ दे दोन घोट. संध्याकाळी केतकीने आल्या आल्या वाडगं तोंडाला लावलं. तिचा चेहरा जरा कोड्यात पडल्यासारखा दिसला, पण ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. केलेलं बोलून दाखवू नये!

झालं! हा रोजचाच परिपाठ होऊन बसला. माझा खोकला पळाला. हातपाय ऊबदार राहायला लागले. निनाद एसीत पांघरूण घेऊन बसायचा आणि मी पदराने वारा घ्यायचे. "आई, तुझ्या चेहऱ्यावर काय तेज आलंय गं!" तो म्हणाला. केतकी मात्र दिवसेंदिवस हिरमुसल्यासारखी दिसायची. दर शनिवारी ती कुठेतरी जाऊन मुळांच्या पुड्या आणायची आणि दर आठवड्याला काढा आणखी दाट व्हायचा. मला वाटलं, सासूला गुण येतोय हे पाहून पोरीला हुरूप चढलाय!

एका रविवारी सिंगापूरच्याच वुडलँड्स भागातून चौबळ भावोजी आले. हे आमच्या पुण्यातले जुने शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले आणि माझ्यासारखेच मुलाकडे राहायला आलेले. आले तेच खोकत! केतकी न्हायला गेली होती. मी लगबगीने वाडगं पुढे केलं.

"घ्या. आमच्या सुनेच्या हातचा आहे. दोन दिवसांत खडखडीत बरे व्हाल!"

भावोजींनी एक कप घेतला. "जालीम आहे हो वहिनी," म्हणत दुसराही घेतला. तेवढ्यात शेजारच्या लिम आंटी माझा चकल्यांचा डबा परत करायला आल्या. दारातच त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि खूश झाल्या.

"वा, सो स्ट्राँग! केतकी बॉइल ऑलरेडी?"

"फॉर माय कफ!" मी छाती फुगवून म्हटलं. "केतकी मेक. एव्हरी डे आय ड्रिंक!"

आंटींनी वाडग्यात डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग चौबळ भावोजींकडे.

"अय्यो! धिस वन नॉट फॉर कफ लाह! धिस वन फॉर लेडी! लेडी वॉन्ट बेबी, धिस वन ड्रिंक!"

भावोजींचा घोट घशातच अडकला. "वहिनी," ते क्षीण आवाजात म्हणाले, "मी दोन कप घेतले हो!"

मी मागे वळले. केतकी ओल्या केसांनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती तडक खोलीत निघून गेली.

मी मागोमाग गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणाच्या खोलीत जाण्याची भीती वाटली. ती पलंगावर बसली होती.

"सगळ्यांना कळलं ना आता?" ती म्हणाली. "आई, दर दिवाळीला लोक माझ्या चेहऱ्याकडे बघतच नाहीत, पोटाकडे बघतात. म्हणून कुणाला सांगितलं नाही. लिम आंटींनी या चिनी वैद्यांकडे नेलं. हॉस्पिटलमध्येही चालूच आहे. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून तर तुमच्यापासून लपवणं सगळ्यात जड गेलं."

मला फार वाईट वाटलं. माझ्या न विचारण्याचा मी गावभर डांगोरा पिटत होते आणि ही पोर इथे एकटी कुढत होती.

"पण मग," तिने अचानक वर पाहिलं, "संध्याकाळी प्यायला मी झाकून ठेवायचे तो काढा तुम्ही घेत होतात! सांडू नये म्हणून सांगितलं होतं हो मी! मग मी रोज काय पीत होते?"

"दुसरं पाणी," मी चाचरत म्हटलं. "आणि तुळस. आणि थोडा... गूळ."

"गूळ?" ती हसायला लागली. इतकी, की हसता हसता रडली आणि मलाही रडवलं. "अहो, मी वैद्यांना सांगितलं औषध गोड लागतंय, ते म्हणाले शक्यच नाही! नाडीत फरक दिसेना म्हणून त्यांनी दर आठवड्याला मात्रा वाढवली!"

पुढच्या शनिवारी मी स्वतः वैद्यांची माफी मागायला गेले. दुभाषी लिम आंटी. वैद्य म्हातारे, किडकिडीत, अतिशय गंभीर. त्यांनी केतकीची नाडी पाहिली, मग खुणेनेच माझा हात मागितला. तीन बोटं ठेवून, डोळे मिटून बराच वेळ बसले आणि काहीतरी पुटपुटले. आंटी तोंडावर हात धरून म्हणाल्या,

"ही से, डॉटर-इन-लॉ स्लोली स्लोली. मदर-इन-लॉ, बेबी कॅन ऑलरेडी!"

त्यानंतर परत येईपर्यंत मातीच्या भांड्यावर माझा जागता पहारा होता. पहिलं पाणी केतकीला, दुसरंही केतकीला, आणि फ्रिजमधल्या थंड पाण्याला तिने हात लावला तर गाठ माझ्याशी!

पुढच्या वर्षी एका सकाळी पुण्यात फोन वाजला. "आई," केतकी कुजबुजली, "गोड बातमी आहे! माझ्या आईलाही अजून सांगितलं नाही, आधी तुम्हाला. एवढ्यात कुणाला सांगू नका हं. बाबांनासुद्धा." गुण हॉस्पिटलचा, वैद्यांचा की नशिबाचा, कोण जाणे, पण पहिला फोन मला आला होता! त्या दिवशी अख्ख्या पुण्यात माझ्याइतकी ताठ मानेने चालणारी बाई दुसरी नसेल.

आणि मी शब्द पाळला. सोसायटीतल्या बायकांसमोर गप्प बसले, भाजीवाल्यासमोर गप्प बसले, घरी येऊन यांच्यासमोर गप्प बसले. एक शब्द नाही! संध्याकाळपर्यंत आमचे हे माझ्याभोवती घिरट्या घालायला लागले. मग त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि घाबरेघुबरे होऊन डॉक्टरांना फोन केला:

"ताबडतोब या हो! हिची वाचा गेलीय!"