खालच्या थरातला मिलिंद

इम्रानचा फोन आला तेव्हा माझा सकाळचा झुंबाचा वर्ग सुरू होता. त्या दणदणाटात काही ऐकू येईना, म्हणून जिन्यात आले. “रूपा, अपना मिल्या गया,” एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. वर बायका माझी वाट बघत गाण्यावर तशाच पाय हलवत होत्या... मी जिन्यातच बसून राहिले.

मिलिंदला तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल, पण तो तुमच्या लक्षात राहिला नसेल. आमचा नाचाचा ग्रुप उस्मानपुऱ्यातला. विहारामागच्या हॉलमध्ये जुन्या गाद्या टाकून आम्ही सराव करायचो. नाचाच्या एका मोठ्या स्पर्धेत पार शेवटच्या फेरीपर्यंत गेलो. थरावर थर रचायचे आणि वरून उडी घ्यायची, ही आमची खासियत. मी हलकी, म्हणून वर. मिलिंद सगळ्यात खाली, कारण तो हलायचा नाही. परत आलो तेव्हा उघड्या जीपमधून आमची मिरवणूक निघाली. फुलंब्री, करमाडहून पोरं आमच्याबरोबर फोटो काढायला यायची. वाटलं, झालं आपलं भलं.

वर्षभरात बोलावणी आटली. इम्रान शाळेची व्हॅन चालवायला लागला, दोघं शेंद्र्याच्या कंपनीत लागले, माझं लग्न झालं. मिलिंदने मात्र नाच सोडला नाही. लग्नांमधल्या संगीताचे नाच बसवायचा, शाळांची गॅदरिंग करायचा. उजवा गुडघा स्पर्धेतच दुखावला होता. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन करा आणि मग बरेच महिने विश्रांती. त्याला नेमकी विश्रांतीचीच भीती. “बसलो की संपलो मी, रूपा,” म्हणायचा. मग दुखणं थांबवायच्या गोळ्या सुरू झाल्या. आधी फक्त कार्यक्रमाच्या दिवशी, नंतर रोज सकाळी चहाबरोबर. तशा पायाने तो दर वर्षी ऑडिशनच्या रांगेत उभा राहायचा. एका वर्षी त्यानं शिकवलेली मुलगी निवडली गेली आणि याला सांगितलं, तुमचं वय जास्त आहे. तिच्या घरी पेढे घेऊन गेला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यापैकी कुणाचा फोन उचलला नाही.

चेहरा सुजायला लागला तेव्हा वाटलं, जागरणं होत असतील. तपासण्या केल्या तोवर दोन्ही किडन्या गेल्या होत्या. इतकी वर्षं घेतलेल्या गोळ्यांनी, असं डॉक्टर म्हणाले. मावशींना, म्हणजे त्याच्या आईला, आपली किडनी द्यायची होती. पण त्यांना साखर निघाली आणि तो रस्ताही बंद झाला. दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी मला विचारलं, “एवढं आंग हाय माझं, त्यातलं लेकराच्या कामाचं कायच नाय का गं?”

आणि त्यातच चॅनलवाल्यांचा फोन आला. जुन्या स्पर्धकांना घेऊन एक खास भाग करायचा होता. शूटिंग नेमकं डायलिसिसच्या दिवशी.

“मिल्या, बुडेल ना तुझं डायलिसिस.”

“एक बुडलं तर काय व्हतंय? हितं रोजच मरायलोय मी. तिथं निदान...”

मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यानं त्यांचे पाय धरले. शेवटी इम्रान आणि मी सोबत गेलो, कारण नाहीतर तो एकटाच निघाला असता. मुंबईत मेकअपच्या खोलीत त्याचे सुजलेले पाय बुटात जाईनात. इम्रानने नाड्या काढून टाकल्या. मधल्या थरांना तिथं चॅनलचीच पोरं होती आणि वर चढायला माझ्याऐवजी एक कोवळी मुलगी आणली होती; आम्ही मिलिंदला नुसतं कडेला उभं राहा म्हणून विनवलं. “खाली मीच,” म्हणाला. तो उभा राहिला. मी बाजूलाच होते. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, ओठ काळेनिळे पडले होते, पण थर हलला नाही. टाळ्या संपायच्या आत तो खाली बसला. तिथूनच त्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

तो भाग दाखवला गेला तेव्हा मिलिंद इथल्या वॉर्डात होता, संध्याकाळच्या डायलिसिसला. नर्सला, शेजारच्या पेशंटना, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी मोबाईल धरून बसले. एकेक ग्रुप येऊन गेला... आमचा आलाच नाही. वेळेअभावी कापला असेल. शेवटी नावं सरकायला लागली. शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, “जाहिरातीनंतर असंल.”

“व्हय काका,” मिलिंद म्हणाला, “नंतर असंल.” आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मी मोबाईल बंद केला नाही, तसाच धरून बसले. पुढच्या कार्यक्रमाला सुरुवात झाली होती.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. एका पहाटे झोपेतच गेला.

परवा मावशींकडे गेले तर घरात रंगारी होता. गुडघ्यामुळे उठताना मिलिंद खाटेशेजारच्या भिंतीला हात टेकायचा. तेल आणि घाम मुरून तिथं तळव्याएवढा काळपट डाग पडला होता. नजर सारखी तिथंच जाते, म्हणून मावशींनीच रंग द्यायला सांगितलं होतं. रंगाचा एक हात झाला होता, तरी डाग वर आलाच होता.

“तेल मुरलंय मावशी,” रंगारी म्हणाला. “खरवडून काढावं लागंल.”

मावशी झटकन उठल्या. “खरवडू नको. दुसरा हात बी मारू नको,” म्हणाल्या, आणि त्या ओल्या रंगावरच त्यांनी आपला तळवा टेकला.