दाजींचं झाकलेलं ताट

मी परभणीत व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या दाजींना दारू सोडायला लावणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. माझ्या स्वतःच्या दाजींपुढे मात्र माझं सगळं बोलणं पालथ्या घड्यावर पाणी. वालूरला त्यांची चांगली शेती, बोलणं लाघवी आणि दारू रोजची. या उन्हाळ्यात ताई कपड्यांची पिशवी घेऊन झरीला आमच्या घरी आली आणि म्हणाली, "आता मी जात नसते." भांडण नाही, रडणं नाही. मला तेच जड गेलं.

त्याच सुमारास केंद्रानं मला प्रशिक्षणाला धाडलं. संशोधनातून निघालेली एक पद्धत तिथं शिकवली. पिणारा माणूस उपचाराला येत नसेल तर त्याच्या घरच्यांना शिकवा. तो शुद्धीत असताना त्याचं कौतुक करा. पिऊन आला की भांडू नका, पण लाडही करू नका. आणि उपचाराचं विचारायचं ते त्याचं डोकं ताळ्यावर असताना. ऐकायला किती सोपं! हे शोधून काढणाऱ्यांना मराठवाड्यातला जावई बहुधा भेटला नसावा. आमच्याकडे जावई झोकांड्या खात आला तरी आधी सतरंजी अंथरतात, मग कोंबडी कापतात.

मी आईला शिकवायला बसलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. दाजी अधूनमधून ताईला न्यायला यायचे. पुढच्या खेपेला ते शुद्धीत आले आणि आईनं कौतुकाचा सपाटाच लावला. "जावईबापूंनी सोताच्या हातानं पाणी घेतलं! चपला बी कशा नीट काढल्या!" दाजी बिचारे घाबरले. सासूला ते मामी म्हणत; मला बाजूला घेऊन विचारू लागले, "मेव्हणे, मामीची तब्येत बरी हाय ना?"

मग अधिक महिना लागला. आमच्याकडे हा धोंड्याचा महिना. जावयाला विष्णू मानून त्याचे पाय धुवायचे, ओवाळायचं आणि पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. ताईनं निक्षून सांगितलं, "शुद्धीत आले तर संग जाईन. न्हाईतर पुन्यांदा इषय काढू नका." निरोप मीच पोचवला. "देवमाणसावानी येतो," दाजी म्हणाले.

देवमाणूस भर दुपारी मित्राच्या मोटारसायकलवरून उतरला तो फाटकाला धरून. सगळी भावकी जेवायला जमलेली. ताईनं एकदा पाहिलं आणि ती आत स्वयंपाकघरात गेली. काका लगबगीनं उठले, "तांब्या आणा, पाय धुवा! जावई हाय!" मला असा संताप आला की तो तांब्या कुणाच्या तरी डोक्यात घालावा. आईनं माझ्याकडे पाहिलं. प्रशिक्षणात काकांबद्दल काही शिकवलं नव्हतं.

आई पुढं झाली. "जावईबापू, लय उन्हातून आलात. जरा पडा. तुमचं ताट मी झाकून ठेवते. उठलात की धोंडे जेवू."

"धोंड्याला जावई उपाशी?" काका कडाडले. "नाक कापलं आमचं!"

"नाक तुमचं हाय, लेक माझी हाय," आई म्हणाली.

दाजी ओसरीत आडवे झाले. भावकीनं बाकीचे धोंडे चापून खाल्ले. नाक गेलं असलं तरी भूक शाबूत होती. जाताना मात्र कुणी आईशी बोललं नाही.

दिवेलागणीला दाजी उठले, तोंड धुऊन भिंतीला टेकून बसले. आईनं धोंडे गरम केले, वर तूप सोडलं आणि ताट पुढं ठेवलं. मी वाक्यं जुळवून तयार होतो. दाजींनी ताट जवळ ओढलं.

"मामी," ते म्हणाले, "मी पिऊन गेलो की समदीकडं घाईनं वाढतेत. लवकर खावं, लवकर झोपावं, कटकट मिटावी म्हणून. मी उठायची वाट आज पहिल्यांदाच कुणी बघितली."

माझी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. एवढंच विचारलं, "दाजी, उद्या केंद्रात येता?"

ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाले, "ही येत आसंल तर येतो."

ताई बाहेर आली. "केंद्रापर्यंत येईन," ती म्हणाली. "वालूरचं मग बघू."

दाजींनी मान हलवली आणि धोंडा फोडला. पण दुपारपासून दारू न मिळालेला हात असा कापायला लागला की घास तोंडापर्यंत जाईना. ताई शेजारी बसली. तिनं तो हात मनगटाशी धरला आणि ताट संपेपर्यंत सोडला नाही.