वाटलं की दिसलं

सावंतबाईंना पक्ष्याचं नाव विचारलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या. दुर्बीण गळ्यात, पक्षी समोर, आणि बाईंचे डोळे बंद. "तू सांग," म्हणायच्या. "आधी कुठे उभा आहे ते. मग काय करतोय ते. रंग शेवटी. रंगानं माणूस फसतो."

पहिल्या दिवशी तर मला वाटलं, यांना चक्कर आली. मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या प्रकल्पासाठी सीवूड्सच्या मागच्या तळ्यावर गेले होते. बांधावर घडीच्या स्टुलावर एक वयस्क बाई बसलेल्या दिसल्या, म्हणून विचारलं, "तो पांढरा कोणता बगळा हो?" तर त्यांनी डोळेच मिटले.

आमच्या जासईच्या घरी पक्ष्यांची नावं मोजकीच. कावला, बगला, कोंबरी. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे टीव्ही बंद पडला तरी आणि बाबांचा गुडघा दुखला तरी आई मलाच विचारायची, "बाय, तुला म्हाईत असंल ना?" माहीत नाही म्हणायची मला लाज वाटायची. काहीतरी सांगून द्यायचे.

बाईंपुढे ते चालत नसे. त्यांची सगळी नोकरी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, रक्ताचे नमुने तपासण्यात गेली होती. "काचेवर दिसतं तेवढंच लिहायचं," त्या म्हणायच्या. "मनातलं लिहिलंस तर भलत्याच माणसाला भलतंच औषध जाईल." एकदा मी म्हणाले, "पाण्याच्या कडेला आहे, सारखी शेपूट हलवतोय, घाबरलाय."

"घाबरलाय हे वाटलं की दिसलं?"

मी पुन्हा पक्ष्याकडे पाहिलं.

"शेपूट हलली ती दिसली. धोबी पक्षी आहे तो. मजेत असला तरी हलवतो."

पुढच्या हिवाळ्यात तळ्याच्या एका बाजूने मातीचे ट्रक रिकामे व्हायला लागले. बाईंच्या सोसायटीतला निखिलदादा आणि त्याचे मित्र तळं वाचवण्यासाठी धावपळ करत होते. भरावाविरुद्धच्या तक्रारीवर सुनावणी होती, तिच्या आधी पक्ष्यांचा अहवाल द्यायचा होता आणि त्यावर सही बाईंची, कारण त्यांच्या शब्दाला मान होता. निखिलदादा म्हणायचा, "रोहित पक्षी सगळीकडे आहेत. एक दुर्मीळ पक्षी मिळाला ना बाई, तर आपली बाजू भक्कम."

आणि एका संध्याकाळी तो आला. फिकट राखाडी पाठ, पांढरं पोट, खेकड्यामागे मान खाली घालून पळणारा. असाच दिसणारा हिरव्या पायांचा तुतवार तळ्यावर दर हिवाळ्यात असतो. पण त्याचा एक दुर्मीळ भाऊबंद आहे. त्याची चोच बुडाशी जाड आणि पाय आखूड, पिवळसर. याची चोच मला जाड दिसली. पाय मात्र चिखलात रुतलेले, आणि वर मावळतीचं ऊन, ज्यात सगळंच पिवळं. निखिलदादाने काढलेल्या फोटोत नुसता काळा ठिपका आला. मग पक्षी उडाला तो पुन्हा आला नाही.

बाईंनी अहवालात लिहिलं, 'ओळख अनिश्चित.'

"बाई, तळं जाईल," निखिलदादा म्हणाला.

"पाय दिसले नाहीत मला."

तो माझ्याकडे वळला. "तू तर होतीस ना तिथे? पिवळे होते की नाही?"

"पिवळे वाटले," मी म्हणाले, आणि बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारलासुद्धा नाही.

अहवाल तसाच गेला. अर्ध्या तळ्यावर भराव पडला. त्या एका शब्दामुळे पडला की तो पडणारच होता, हे मला आजही सांगता येत नाही. निखिलदादा बाईंना लिफ्टमध्ये भेटला तरी मोबाइलमध्ये बघायचा. त्याचं चुकलं असंही मला म्हणवत नाही.

उन्हाळ्यात बाई कुडाळला बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या. सामान बांधायला मी गेले होते. राहवलं नाही, म्हणून विचारलं, "बाई, तुमच्या मनात कोणता होता तो?"

"तोच."

"दुर्मीळ?"

"तोच गो. मला जराही शंका नव्हती."

"मग लिहिलं का नाही?"

"पाय दिसले नव्हते ना." त्या खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. एकाच जागी, एकावर एक. "तळं जातंय ते मला कळत नव्हतं असं वाटतं तुला?"

मला काय वाटत होतं तेच मला कळत नव्हतं. अजून कळत नाही. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "दोन अक्षरां लिवली असती तर बाईचा काय जानार व्हता?" ते पटलं. रात्री पडल्या पडल्या बाईंचंही पटलं.

या हिवाळ्यात उरलेल्या अर्ध्या तळ्याचा अहवाल आहे आणि निखिलदादाने तो माझ्याकडे दिला आहे. परवा सकाळी भरावाच्या कडेला तसाच एक उतरला. राखाडी पाठ, खेकड्यामागे तीच धाव. मी कुडाळला फोन लावला. "बाई, तसाच आलाय," म्हणाले. पलीकडे त्यांनी डोळे मिटले असणार.

"सांग. आधी कुठे उभा आहे ते."

मी सांगितलं. काय करतोय ते सांगितलं. चोच सांगितली.

"आणि पाय?" त्यांचा आवाज एवढा घाईचा मी कधी ऐकला नव्हता.

"चिखलात आहेत, बाई."

त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "थांब तर मग. मी फोन धरते."