मान कलंडलेलं धनुष्य

आमच्या भाऊजींना जगातल्या कुठल्याही वस्तूत खोट म्हणून कधी दिसलीच नाही. जिथे इतरांना खोट दिसे, तिथे त्यांना खुबी दिसे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, नोकरीला आयर्लंडमधल्या शॅननच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, राहायला जवळच्याच एनिसला. पावसाळी दिवसांत त्यांच्या घराचं मागचं दार फुगून उघडेनासं होई. आयर्लंडमध्ये कुठला दिवस पावसाळी नसतो, तेव्हा ते बहुधा बंदच असे. ताई वैतागायची, पण भाऊजी समाधानाने म्हणत, "फुकटचं कुलूप आहे नं!" मी डब्लिनजवळच्या नासहून त्यांच्याकडे गेले की तासन्‌तास काही न बोलता पुस्तक घेऊन बसायची. माझ्या या घुमेपणाला आमच्या आईनेसुद्धा कधी चांगलं नाव दिलं नव्हतं. भाऊजी मात्र पाहुण्यांना माझी ओळख करून देताना सांगत, "या आमच्या मेव्हणीबाई. यांची रचनाच ऐकून घेण्यासाठी केलेली आहे."

'रचना' हा त्यांचा लाडका शब्द. तो आला होता धनुष्यांवरून. भाऊजींना जुनी शिकारीची धनुष्यं जमवायचा नाद होता. ज्यांची टोकं शिकाऱ्यापासून उलटी, पुढच्या बाजूला वळलेली असतात, ज्यांना रिकर्व्ह म्हणतात, ती. माझ्या जन्माआधी अमेरिकेतल्या कारागिरांनी लाकूड आणि फायबरग्लासचे पातळ थर चिकटवून घडवलेली ही धनुष्यं भाऊजी कुठून कुठून मिळवत. त्यांना नुसतं सुंदर धनुष्य नको असे. त्यात काहीतरी विक्षिप्त हवं. एकाची मूठ मधोमध खिडकीसारखी कोरलेली होती, म्हणजे डावरा असो की उजवा, दोघांचाही बाण त्यातून जावा. एकाच्या लाकडात नाणं बसवलेलं होतं आणि ते का बसवलंय हे भाऊजी दर वेळी वेगळं सांगत. एक अगदी बुटकं होतं, झाडावर दबा धरून बसणाऱ्यासाठी. ते दाखवायला भाऊजी जिन्याच्या वरच्या पायरीवर चढून बसत आणि खाली उभ्या पाहुण्याला हरणासारखं चालायला सांगत. एकाच्या दोरीवर दोन्ही टोकांजवळ रबराचे गोळे होते, दोरीत झाडाच्या काटक्या अडकू नयेत म्हणून. "पाहून राहिले नं तुम्ही? केवढा विचार केला आहे माणसाने!" दिवाणखान्यात काटक्या नव्हत्या. त्यामुळे ते गोळे असूनही दोरीत ताईची ओढणी अडकायची, आणि ती सोडवताना भाऊजी त्या कारागिराच्या वतीने तिची माफी मागायचे.

हा माणूस शिकारी होता असं मात्र कोणी समजू नये. इकडे धनुष्याने शिकार करायला कायद्याने बंदी आहे आणि कायदा नसता तरी काही फरक पडला नसता. परसात लावलेली मेथी ससे खायला लागले, तेव्हा भिंतभर शिकारीची धनुष्यं टांगलेल्या खोलीच्या खिडकीत उभे राहून भाऊजी ताईला हळूच म्हणाले होते, "अगं, तू जरा टाळी वाजव." रविवारी ते गावाबाहेरच्या धनुर्विद्येच्या क्लबात जात. तिथे जंगलात फोमची जनावरं ठेवलेली असतात, त्यांच्यावर नेम धरायचा. भाऊजींचा नेम बरा होता. पण बाण उपटून काढल्यावर ते त्या फोमच्या हरणाच्या पाठीवरून हात फिरवत आणि मराठीत म्हणत, "लागलं नाही नं रे?" क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे एक उंच, म्हातारे आयरिश गृहस्थ, निवृत्त घोड्यांचे डॉक्टर. सुरुवातीला त्यांना वाटलं, ही काही धार्मिक प्रथा असावी. पुढे तेही हरणाला थोपटायला लागले.

या सगळ्या धनुष्यांत भाऊजींचा जीव एका धनुष्यात होता. गडद तांबूस लाकडाचं, आणि मुठीत चक्क होकायंत्र बसवलेलं. शिकारी जंगलात वाट चुकला तर काय, याची सोय. ते आलं त्या आठवड्यात भाऊजींनी मला आणि ताईला गाडीत घालून क्लेअर परगण्यातल्या आडरस्त्यांवर नेलं, फोनवरचा नकाशा बंद करायला लावला आणि प्रत्येक फाट्यावर उतरून धनुष्य पाहून दिशा ठरवली. गाडीचं लोखंड जवळ असल्यामुळे काटा सारखा गाडीकडेच वळत होता. एक शेतकरी ट्रॅक्टर थांबवून बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. ताई काच खाली करून म्हणाली, "अहो, काय दाखवतंय ते?" भाऊजी उत्साहाने म्हणाले, "परत यायची वाट अगदी बरोबर दाखवतं!"

त्यानंतर महिन्याभरातच पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी त्यांना इस्पितळात राहावं लागलं. तो आठवडाभर पाऊस थांबला नाही. मागच्या खोलीच्या भिंतीवर ओल उमटली. "लाकडाला ओल म्हणजे विष" हे भाऊजींचं वाक्य ताईने हजारदा ऐकलं होतं. इकडच्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. टॉवेल, चादरी त्यात उबदार, कोरड्या राहतात. ताईने नवऱ्याचं सर्वांत लाडकं धनुष्य आपल्या जुन्या सुती साडीत गुंडाळलं आणि त्या कपाटात टाकीला टेकवून उभं केलं. इस्पितळातून आल्या आल्या भाऊजींनी ते बाहेर काढलं, तेव्हा ते तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखं गरम होतं. उष्णतेने थरांमधला गोंद सैलावतो. धनुष्याचं वरचं पातं पिळवटून त्याचं टोक एका बाजूला कलंडलं होतं, एखादं माणूस मान तिरकी करून ऐकतं तसं. मी तिथेच उभी होते. ताईने दारातून विचारलं, "ठीक आहे ना हो?"

"एकदम ठणठणीत!" भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना टाके दाखवायला मी गाडीतून नेत होते, तेव्हा त्यांनी मला खरं सांगितलं. दोरी आता टोकावरून निसटणार, ते ओढणं धोक्याचं, म्हणजे या धनुष्यातून बाण कधी सुटायचा नाही.

"सरळ नाही का करता येत?" मी विचारलं.

"येतं नं. कोमट पाणी लावून, बांधून, हळूहळू. दिवसचे दिवस घरात बांधून ठेवावं लागतं. पण मग तिला कळेल नं, की वाकडं झालं होतं." मग म्हणाले, "मेव्हणीबाई, तुमच्या ताईला हे कळता कामा नये. माझ्यासाठी केलं हो तिने. स्वतःची साडी गुंडाळली होती."

तेव्हापासून ते कलंडलेलं टोक ही रचना झाली. भाऊजी पाहुण्यांना होकायंत्र दाखवत, मग टोकाकडे बोट करून सांगत, "आणि हे! फांद्यांमधून दोरी अलगद सुटावी म्हणून कारागिराने मुद्दाम दिलेला झोक. फार दुर्मिळ." मला तर कधी कधी वाटे, बाकीच्या धनुष्यांच्या करामती ते एवढ्या रंगवून सांगत, त्या सगळ्या या एका खोटीला गर्दीत लपवण्यासाठीच. कोणी म्हणालं की जरा ओढून दाखवा, तर त्यांची पाठ लगेच दुखायला लागे. त्यांची मुलगी आपल्या आयरिश हेलात म्हणायची, "डॅड, युवर बॅक वॉज ग्रँड धिस मॉर्निंग." ताई कपबशा आवरत असायची.

मागच्या हिवाळ्यात भाऊजी गेले. सकाळी चहा ठेव म्हणाले, आणि ताई चहा घेऊन आली तोवर नव्हते. घर इतकं शांत झालं की माझ्यासारखीलाही ती शांतता सोसवेना.

वसंत लागल्यावर ताईने ठरवलं, धनुष्यं क्लबाला द्यायची. ती वापरणाऱ्यांच्या हातात असावीत. घोड्यांचे डॉक्टर स्वतः आले. एकेक धनुष्य उतरवून घेताना ते हळूच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग होकायंत्राचं धनुष्य त्यांनी उचललं. घोड्याचा पाय पाहावा तसा त्यांनी डोळा बारीक करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली. कपाळावर आठी आली.

"हे उष्णतेने..." ते म्हणू लागले.

"तो झोक मुद्दाम दिलेला आहे," ताई म्हणाली. "फार दुर्मिळ आहे, असं हे म्हणायचे. हो ना?"

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण घोड्यांचा डॉक्टर न बोलणाऱ्यांचं दुखणं ओळखण्यातच म्हातारा झालेला असतो. त्यांनी सावकाश धनुष्य परत खुंटीला लावलं.

"मिसेस, असं दुसरं मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "हे घराबाहेर जाऊ देऊ नका."

त्या भिंतीवर आता ते एकटंच आहे. या दसऱ्याला ताईने त्याची पूजा केली. शेजारच्या गावातून एक नवं मराठी जोडपं आलं होतं. ताईने त्यांना होकायंत्र दाखवलं, मग टोकाकडे बोट केलं, आणि भाऊजींच्याच शब्दांत, 'फार दुर्मिळ'वर त्यांच्यासारखाच जोर देऊन, सगळं सांगितलं. मी चहा घेत ऐकत होते. माझी रचनाच तशी आहे.

"याची निगा कशी राखायची हो?" त्या नव्या मुलीने विचारलं.

"फार काही नाही लागत गं," ताई म्हणाली. "फक्त हॉट प्रेसमध्ये ठेवायचं नाही."

माझा कप हातातच राहिला. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. कलंडलेल्या टोकावर ठेवलेलं झेंडूचं फूल सारखं घसरत होतं. तिने ते दोनदा बसवून पाहिलं, ते राहीना. मग तिने फुलालाच थोडं तिरकं केलं, आणि ते राहिलं.